दोन्हीकडचं चामडं

३ मार्च २०२५, सोमवार

सकाळी दहाला बेल वाजली. दारात एक म्हातारी. पांढरी साडी, हातात काठी, चपला पायरीखाली काढून ठेवलेल्या. म्हणाली, "घंटंचा कागद दिला त्या बाई तुमीच ना?" पूर्वी जयपुरात दारावर मराठी ऐकू आलं की मी हातातलं काम टाकून धावायचे. आज नुसतं हो म्हटलं.

इंदुबाई नाव. नगरकडच्या ख्रिस्ती. सासरे रेल्वेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. नवरा संभाजी स्टेशनजवळच्या सेंट जेरोम चर्चमध्ये घंटा वाजवायचा. त्याला जाऊन दहा वर्षं झाली. हे सगळं चहा निवेस्तोवर सांगून झालं. मग मुद्दा. त्या चर्चच्या मनोऱ्यात तीन घंटा आहेत, त्यातली मधली — मार्था — सात एप्रिलला खाली उतरवणार. वितळवून नवी ओतायला पाठवणार. तिला तडा गेलाय या माझ्या रिपोर्टवरून.

"एकदा वर चढून हात लावा बाई. मग पाठवा कुठं पाठवायची ती."

मी म्हटलं, रिपोर्ट नोव्हेंबरातच दिला, आता माझ्या हातात काही नाही. त्या वाद घालत बसल्या नाहीत. कप स्वतः विसळून ठेवला आणि गेल्या.

ही डायरी नागनाथांची. रिटायर झाले तरी बँक दर वर्षी पाठवते. जानेवारीतही आली, वर त्यांचं नाव छापून. बँकेला कोणी कळवलंच नाही! दोन महिने टेबलावर पडून होती. आज लिहायला घेतली. का, ते माहीत नाही.

४ मार्च

काही नाही. दूध नासलं.

६ मार्च, गुरुवार

अवनीचा फोन. गुरुवारी आठला येतो, चार मिनिटं चालतो. जेवलीस का, गोळी घेतलीस का, बाई येते का कामाला. मी हो, हो, हो. ती म्हणते, "ठीक आहे, मतलब, काही लागलं तर सांग." गुरगावहून जयपूरला पाच तास लागतात. तेराव्यानंतर आलेली नाही.

हीच मुलगी पूर्वी तास तास बोलायची. अर्धं हिंदीत, अर्धं तिच्या त्या मोडक्या मराठीत, आणि नागनाथ पलीकडून चुका काढत. सप्टेंबरात कानोत्याला गेलो होतो तेव्हासुद्धा बापलेक धरणाच्या भिंतीवरून तासभर फिरत होते. मी गुडघ्यांमुळे गाडीत. काय एवढं बोलत होते कोण जाणे, परत आले तेव्हा दोघं गप्प होती.

लिहूनच टाकते. आठ नोव्हेंबरला डॉक्टरांनी विचारलं, घशात नळी घालून मशीन लावायचं का. फुप्फुसं निकामी होत आलेली, नळी पुन्हा निघेल याची खात्री नाही. अवनी खाली गाडी लावायला गेली होती. अर्धा तास झाला, ही वर येईना. सी-स्कीममधल्या त्या हॉस्पिटलपाशी गाडीला जागा मिळते कुठे! डॉक्टर थांबायला तयार नव्हते. मी 'नको'वर सही केली. अवनी वर आली, तिने कागद वाचला, परत ठेवला. सकाळी नागनाथ गेले.

तेव्हापासून तिचा आवाज असा आहे. ती मला माफ करणार नाही. मी तिच्या जागी असते तर मीही केलं नसतं. हे लिहिताना काही होईल असं वाटलं होतं. काही झालं नाही. हात तेवढा दुखतोय.

८ मार्च, शनिवार

सेंट जेरोमला जाऊन आले. पाद्री एलियास मसीह — चाळिशीचा, नम्र, उत्साही माणूस. जुनं रजिस्टर दाखवलं. घंटा १८८९ साली विलायतेहून बोटीने मुंबईला आणि तिथून रेल्वेने आल्या. मार्था एका इंजिनियरने दिली, त्याच्या मुलीच्या नावाने. मुलगी इथेच वारली, चार वर्षांची. बाकी दोन्ही चांगल्या वाजतात, मार्था तेवढी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं टीन बडवल्यासारखी. "आपकी रिपोर्ट से बड़ा सहारा मिला मैडम," म्हणाले. कमिटीत दोन तट होते म्हणे, माझ्या शिक्क्याने भांडण मिटलं.

मनोऱ्याला एकसष्ट पायऱ्या. पाद्रींनी विचारलं, वर येणार? गुडघ्यांचं कारण सांगितलं.

इथे तरी खोटं नको. गुडघे दुखतात, पण तेवढे नाही. तो रिपोर्ट मी एकोणीस नोव्हेंबरला लिहिला, नागनाथांच्या अकराव्या दिवशी. बाहेर पाहुणे, भटजी. मी आतल्या खोलीत दार लावून बसले. चर्चने मोबाइलवर आवाज पाठवला होता आणि एक फोटो. आवाज दोनदा ऐकला. फोटोत काठाजवळ एक काळी रेघ दिसली. लिहिलं — तडा, दुरुस्तीपलीकडे, पुन्हा ओतावी. शिक्का मारला. पस्तीस वर्षं कॉलेजात धातुशास्त्राच्या पोरांना शिकवलं की धातूला हात लावल्याशिवाय निदान करायचं नाही. आणि स्वतः काय केलं? काम केलं की बरं वाटेल, असं वाटलं होतं. बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही.

१४ मार्च

धुळवड. आमचं जवाहर नगर भिजलेलं, रंगलेलं. आमच्या दाराला कोणी हात लावला नाही. दुखवट्याचं घर सगळ्यांना माहीत. बरं झालं.

१७ मार्च, सोमवार

इंदुबाई पुन्हा. शेंगदाण्याची चटणी घेऊन, खलबत्त्यातली. आता ही बाई दर पंधरवड्याला येणार असं दिसतं. आज त्या बोलल्या.

मुलगी होती, रमा. एकुलती. एकोणीस वर्षांची, कॉलेजात. सत्त्याण्णव सालच्या पावसाळ्यात कावीळ झाली आणि नऊ दिवसांत गेली. हे त्यांनी चटणीत मीठ किती घातलं ते सांगावं तसं सांगितलं. मला ते समजलं. मीही असंच सांगते.

मग चर्चमधली एक रीत सांगितली, मला ठाऊक नव्हती. कोणी गेलं की घंटेच्या आतला जो लोखंडी लोळा असतो, त्याच्या एका बाजूला चामडं बांधतात. म्हणजे झोका घेताना घंटेचा एक टोल मोठा पडतो आणि दुसरा दबका, लांबून आल्यासारखा. तिसऱ्या दिवशी चामडं सोडायचं. कोणासाठीही एकाच बाजूला. दोन्ही बाजूंना बांधायचं ते फक्त पाद्री वारला तर. संभाजी या बाबतीत फार कडक. रमासाठीसुद्धा एकाच बाजूला बांधलं, तिसऱ्या दिवशी सोडलं.

"आन् त्याच आठवड्यात मार्था फुटली," म्हणाल्या.

मी विचारलं, फुटली कशाने? त्यांनी चटणीचं झाकण घट्ट लावलं. "मला काय कळतंय त्यातलं. तुमी एकदा वर जा बाई."

चटणी चांगली आहे. तिखट. डोळ्यांत पाणी आलं, तिखटाने.

२२ मार्च, शनिवार

वर गेले.

कॉलेजची जुनी पिशवी काढली — छोटी हातोडी, भिंग, तडा शोधायचं लाल औषध, पांढरी पावडर. घंटा उतरवायचं काम रफीकभाईंना दिलंय, ते माप घ्यायला आले होते. त्यांच्यामागून चढले, तीनदा बसून. वर कबुतरांची घाण आणि तीन घंटा. तिन्ही चांदीच्या रंगाने रंगवलेल्या! दर नाताळला रंगवतात म्हणे, आतून बाहेरून, लोळ्यासकट. इथली पद्धत. मार्थावर इतके थर की तिच्या अंगावरची अक्षरंही बुजलेली.

लोळा हाताने बाजूला धरला आणि मार्थाच्या काठावर हातोडी मारली. हलकीच.

ती गायली. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. घड्याळ लावलं, एकोणतीस सेकंद आवाज हवेत होता. तडा गेलेली घंटा तीन सेकंद टिकत नाही. रफीकभाई म्हणाले, "मैडम, ये तो ज़िंदा है."

फोटोतली काळी रेघ खरवडली. रंग तडकला होता, नुसता रंग. खालचा धातू अखंड. तरी लाल औषध लावलं, पुसलं, पावडर मारली, दहा मिनिटं थांबले. कुठेही लाल रेघ नाही.

मग लोळा. हाताला गुबगुबीत लागला. पात्याने कोरत गेले. रंग, रंग, रंग, आणि खाली चामडं. सुतळीची गाठ. पलीकडच्या बाजूलाही चामडं. दोन्हीकडे.

तिथेच बसले, कबुतरांच्या घाणीत, नेसत्या चांगल्या साडीत. मी चुकले. न बघता, न शिवता एका अखंड घंटेला फुटकी ठरवून मोकळी झाले. पंधरा दिवसांत ती भट्टीत गेली असती.

आणि मग दुसरी सही आठवली. अकरा दिवस आधीची. तीही याच हाताने केलेली, अशीच, दोन मिनिटांत. डॉक्टर म्हणाले म्हणून. घंटा अजून जागेवर आहे, चढून हातोडी मारता येते. तिथे कुठे चढू?

रफीकभाईंनी पाणी दिलं. खाली उतरताना पायऱ्या मोजल्या. एकसष्टच आहेत.

२४ मार्च, सोमवार

पाद्रींना पत्र दिलं. "माझं निदान चुकीचं होतं. घंटा शाबूत आहे. प्रत्यक्ष तपासणी न करता अहवाल दिला याबद्दल क्षमस्व." हिंदीत लिहिलं, आणि सही करताना या वेळी दोनदा वाचलं. चामडं सापडल्याचंही लिहिलं. कोणी बांधलं ते ठाऊक नाही असं लिहिलं. ठाऊक नाहीच.

त्यांनी पत्र घडी करून रजिस्टरात ठेवलं. नव्या घंटेची घोषणा झाली होती, वर कोणाचं नाव घालायचं यावर कमिटीत नवं भांडणही सुरू झालं होतं. म्हणाले, चूक सगळ्यांकडून होते, पण मैडम, त्यावर मोहर होती. बरोबर बोलले. मला लाज वाटली. वाटली हे लिहून ठेवते. पाच महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं.

काम मी मागून घेतलं. रंग उतरवणं, साफसफाई, ईस्टरपर्यंत. पाद्री हो म्हणाले.

३० मार्च

पाडवा. गुढी नाही. वर्ष व्हायचंय. अवनीने व्हॉट्सअ‍ॅपवर गुढीचं चित्र पाठवलं. मी हात जोडलेले दोन पाठवले.

१ एप्रिल, मंगळवार

इंदुबाईंकडे गेले. रेल्वे क्वार्टर्सच्या मागे एक खोली. भिंतीवर येशू, शेजारी संभाजी, त्याखाली रमा. दोन वेण्या.

मी म्हटलं, इंदुबाई, लोळ्याला दोन्हीकडून चामडं होतं. त्या तांदूळ निवडत होत्या. ताट बाजूला ठेवलं.

"मीच बांधलं."

रमाला पुरलं त्याच्या तिसऱ्या दिवशी संभाजीने नेमाप्रमाणे चामडं सोडलं. शनिवारी चर्चमध्ये लग्न होतं. मार्था खणखणीत वाजली, तासभर. इंदुबाई ह्याच खोलीत कान धरून बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी संभाजी झोपलेला असताना चढल्या. बायकांनी मनोऱ्यात जायचं नाही असा तेव्हा दंडक होता. त्याच्याच खुंटीवरचं चामडं घेतलं आणि दोन्हीकडून आवळून बांधलं.

संध्याकाळी त्याने दोर ओढला. घंटा बद्द बोलली. तो वर गेला. खाली आला. पाद्रीला सांगितलं, मार्था फुटली.

मी विचारलं, त्याला कळलं नसेल?

"हात लावल्याबिगर तो फुटली म्हनंल का बाई?" माझ्याकडे बघूनच म्हणाल्या. मला बोलल्या असं नाही, पण लागलं. मग म्हणाल्या, त्याच नाताळात त्याने चांदी रंगाचा डबा आणला. घंटा कधी कोणी रंगवली नव्हती. त्याने तिन्ही रंगवल्या. लोळ्याला जाड हात मारला. पुढल्या वर्षी पुन्हा. तो गेल्यावर चर्चने पद्धत म्हणून चालू ठेवलं. अठरा वर्षं तो रोज ती मुकी घंटा वाजवत राहिला आणि लोकांची बोलणी ऐकत राहिला.

"त्यानं मला इचारलं नाय, मी त्याला सांगितलं नाय. येका ताटात जेवलो. तेवढंच जमलं आमाला."

त्यांना घंटा वाचवायची होती आणि हे सांगायचंही नव्हतं. म्हणून माझ्या दारात येऊन हात लावा, हात लावा. उरलेले तांदूळ दोघींनी निवडले.

२ एप्रिल

एक वाक्य सकाळपासून घोळतंय. गुरुवारी अवनीला विचारायचं. "त्या कागदावरून तू माझ्यावर रागावली आहेस का?" स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणून बघितलं. बरं वाटत नाही ऐकायला.

३ एप्रिल

चार मिनिटं. जेवले का, गोळी घेतली का. नाही विचारलं.

९ एप्रिल, बुधवार

सात दिवस मनोऱ्यात. रंग मऊ करायचं औषध लावायचं, थांबायचं, लाकडी पट्टीने काढायचा. तारेचा ब्रश नाही, धातूला ओरखडे जातात. रफीकभाईंना हे पाच वेळा सांगितलं. सहाव्यांदा ते म्हणाले, "मैडम, आप सो जाओ, पट्टी मेरे सपने में भी लकड़ी की है." मी हसले. विचित्र आवाज आला.

आज मार्थाची अक्षरं दिसली. नाव, साल, आणि खाली बारीक — बापाने दिली, एवढंच.

गुडघे सुजलेत. शेकून घेते. जेवण दोन वेळचं जातंय.

१० एप्रिल

नाही विचारलं. पण म्हटलं, ईस्टरला ये, एक घंटा ऐकवायची आहे. ती म्हणाली, "बघते." बघते म्हणजे नाही. तिच्या बापाचंही असंच असायचं.

१८ एप्रिल, शुक्रवार

गुड फ्रायडे. आज चर्चमध्ये घंटा वाजत नाहीत. आम्ही काम उरकून घेतलं. जुनी सुतळी दगड झाली होती, कापावी लागली. इंदुबाई मनोऱ्याखाली खुर्चीवर बसून होत्या. दोन्ही चामडी खाली आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी उलटीसुलटी केली, वास घेतला, पदरात बांधली.

"मी गेले का येकाच बाजूला बांधा. नेमापरमानं. आन् तिसऱ्या दिवशी सोडा."

मी बरं म्हटलं. आतापासून कशाला, असलं काही म्हटलं नाही.

पाद्रींना त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं, सकाळी. ते मला म्हणाले की प्रार्थनेत कोणाचं नाव आधी घ्यावं ते सुचत नव्हतं.

२० एप्रिल, रविवार

ईस्टर. सकाळी सहा. अंगणात शंभरेक माणसं. मी मागे, कुंपणाशी. लहान घंटा, मोठी घंटा, आणि मग मार्था.

स्टेशनसमोरचे रिक्षावाले वर बघायला लागले. इंदुबाईंनी कान धरले नाहीत. हात मांडीवर, तोंड उघडं. वाजून संपलं तरी तशाच बसल्या होत्या.

मला वाटलं आज माझं काहीतरी सुटेल. नाही सुटलं. चांगली वाजली, काठावर झीज नाही, लोळा सरळ पडतो — हे सगळं मात्र नीट ऐकलं.

परत वळले तर फाटकाशी अवनी. खांद्याला बॅग, केस न विंचरलेले. रात्री एकला निघाली म्हणे. मी म्हटलं, चहा घेऊ. रिक्षात दोघी बाहेर बघत होतो.

२१ एप्रिल, सोमवार

अवनीने पर्समधून एक कागद काढला. घडीवर विरलेला. नागनाथांचं अक्षर, तारीख सप्टेंबरची. कानोत्याला दिला होता, धरणावर. "मला मशीन लावायचं नाही. डॉक्टर विचारतील तेव्हा सही तू कर. सुनंदाला करायला लावू नकोस, तिला ती जन्मभर पुरेल."

गाडी पहिल्या पाच मिनिटांतच लागली होती. अर्धा तास ती हा कागद हातात घेऊन गाडीत बसली होती. वर आली तोवर मी सही केलेली.

मी कागद दोनदा वाचला. तिने विचारलं, "आई, तू माझ्यावर रागावली आहेस का?"

तीन आठवडे हे वाक्य मी माझं म्हणून पाठ करत होते.